कलापथक, वस्तीपातळीवरील

कलापथक, वस्तीपातळीवरील : गाव, वाडी, चाळ, कामगारवस्ती वा झोपडपट्टी अशा एखाद्या ठिकाणच्या रहिवाशांनी गीत, नाट्य, नृत्य, चित्र इ. कलांच्या साहाय्याने सामाजिक न्यायाचा विचार मांडण्यासाठी उभारलेली, बव्हंशी हौशी कलावंतांची संघटना. मराठीत तिला कालपरत्वे जलसा, कलापथक, नाट्यमंच, सांस्कृतिक मंच अशी निरनिराळी नावे मिळाली. तमाशाचा फड आणि कलापथक यांत बाह्यतः पुष्कळ साम्य दिसते. ढोलकी, तुणतुणे, झांज ही वाद्ये, सवाल-जवाबाची धाटणी आणि वगाची रचना दोहोंत सारखीच आढळते. तथापि फडाला मालक असतो, कलावंत त्याचे बांधील असतात आणि प्रयोगाची सुपारी ठरलेली असते. कलापथकात मालक नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. शासनाच्या किंवा राजकीय पक्षांच्या प्रचारपथकांपासूनही ते वेगळे मानावे लागते. कारण प्रचारपथकाचा विषय वरून ठरून येतो, तर वस्तीच्या कलापथकाचा विषय तिच्याच नळावर, रेशनच्या रांगेत वा गावाच्या पाणवठ्यावर सापडतो. ही भेदरेषा व्यवहारात नेहमीच स्पष्ट राहत नाही. किंबहुना कलापथकांच्या इतिहासातील बहुतेक वाद याच रेषेवर झालेले आहेत.

महाराष्ट्रातील या परंपरेचा उगम सत्यशोधक चळवळीत आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचा विचार निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत नेण्यास पुस्तके व व्याख्याने अपुरी पडत होती. त्यामुळे तमाशाचाच साचा घेऊन त्यात नवा आशय भरण्याची कल्पना पुढे आली आणि सत्यशोधकी जलसे निर्माण झाले. ओतूर येथील भीमराव महामुनी हे या जलशांच्या आद्य प्रवर्तकांपैकी होत. पुढे सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या भागांत अनेक जलसे निघाले. तमाशातील गण, गौळण, वग हा क्रम त्यांनी टाकून दिला नाही. त्याची आतून फेरमांडणी केली. गणात गणपतीऐवजी निर्मिकाचे स्तवन आले, तर वगाची जागा सावकार, भट व कुलकर्णी यांच्याकडून होणाऱ्या नाडणुकीच्या प्रसंगांनी घेतली. प्रेक्षकाला ओळखीच्या वाटेने नेऊन अनोळखी ठिकाणी पोहोचविण्याची ही युक्ती पुढील सर्व कलापथकांनी उचलली. सत्यशोधकी जलशांत शेतकरी व कारागीर जातींतील कलावंत होते आणि प्रेक्षक त्यांचेच गाववाले होते. त्यामुळे रंगमंचावर दाखविलेला कुलकर्णी कोणता, हे सांगण्याची गरज सहसा पडत नसे.

आंबेडकरी जलसा हा या परंपरेचा सर्वांत समृद्ध टप्पा होय. महाडचा सत्याग्रह (१९२७) आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (आरंभ २ मार्च १९३०) यांच्या वातावरणात अस्पृश्य समाजातील तरुणांनी ठिकठिकाणी जलसे उभे केले. त्यांपैकी नाशिक जिल्ह्यातील भीमराव धोंडिबा कर्डक यांचा जलसा विशेष प्रसिद्ध आहे. कर्डक यांनी पुढे आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य या ग्रंथात या सर्व कार्याची साधार नोंद करून ठेवली. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या ग्रंथावाचून गत्यंतर नाही. चळवळीतील कलावंताने स्वतःच आपल्या संघटनेचा इतिहास लिहावा, हे आपल्याकडे फारच क्वचित घडते. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा आशयाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी काढल्याचे सांगितले जाते. उद्गार शब्दशः तसेच असोत वा नसोत, परिषदांच्या अगोदरच्या रात्री किंवा सभेपूर्वी जलसा होणे ही त्या काळातील रूढ प्रथा होती.

जलशाचे विषय वस्तीच्या दैनंदिन जीवनातून आलेले होते. मृत जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडावे, महारकीच्या वतनाच्या मोहात अडकू नये, मुलामुलींना शाळेत घालावे, नवस-सायास व दारू यांवर पैसा उधळू नये, मंदिरप्रवेश व पाणवठा हा हक्क म्हणून मागावा, हे त्यांतील प्रमुख विषय होत. ऑक्टोबर १९३५ मधील येवला परिषदेतील धर्मांतराच्या घोषणेनंतर त्या निर्णयाचा अर्थ गावोगावी समजावून सांगण्याचे कामही जलशांनीच केले. यांतील अनेक विषय प्रेक्षकांना सुखावणारे नव्हते. वतन सोडणे म्हणजे वर्षाकाठी मिळणारे बलुते सोडणे होते. मृत जनावर ओढण्यास नकार दिला की गावाकडून बहिष्कार पडे. जलसा पाहून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात राहावयाचे होते, आणि जलसाकारांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणून जलशातील संवादांत उपदेशक पात्राच्या समोर नेहमी एक शंकेखोर, हट्टी, बहुधा वयाने मोठे असलेले पात्र उभे केलेले असे. ते विनोद करी, अडून बसे आणि प्रेक्षकांच्या मनातील प्रत्येक हरकत मोठ्याने बोलून दाखवी.

वाद्यांचा प्रश्न येथे मुद्दाम विचारात घ्यावयास हवा. हलगी, डफ, सनई ही वाद्ये वाजविणे हे गावगाड्यात महार-मांग जातींवर लादलेले काम होते. देवाची पालखी, पाटलाच्या घरचे लग्न, गावची जत्रा यांत त्यांनी वाजवावे आणि देवळाबाहेर उभे राहावे अशी रीत होती. गावकीची अपमानास्पद कामे सोडण्याच्या आवाहनात हे वाजविणेही येत होते. मग त्याच वाद्यावर स्वाभिमानाचे गीत कसे गावयाचे? जलशांनी या पेचाला दिलेले उत्तर असे, की वाद्य तेच ठेवावे, मात्र ते कोणाच्या हुकुमावरून वाजते हे बदलावे. सर्वांनाच ते उत्तर पटले असे नाही. काही ठिकाणी हलगी दूर ठेवून पेटी, तबला, ढोलकी यांना जवळ करण्यात आले. हलगीची पुनःप्रतिष्ठा बऱ्याच नंतरच्या पिढीने केली. न्यायाच्या कल्पनेवर चालणाऱ्या कलासंघटनेला परंपरेचा कोणता भाग घ्यावयाचा आणि कोणता टाकावयाचा, हे केवळ सौंदर्यदृष्टीने ठरविता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पैशाच्या बाबतीतही त्या काळातील एक हकीकत वारंवार सांगितली जाते. महाडच्या सत्याग्रहाच्या निधीसाठी सुप्रसिद्ध शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी आपल्या तमाशाच्या प्रयोगांचे उत्पन्न देऊ केले असता आंबेडकरांनी ते स्वीकारले नाही. समाजातील स्त्रियांना रंगमंचावर नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका होती. बापूरावांच्या फडातील विख्यात कलावती पवळा ही महार समाजातील होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचा रोख समजतो. त्याची दुसरी बाजूही आहे. या नकाराने तमाशातील स्त्रीच्या शोषणाचा प्रश्न पुढे आणला. परंतु ती स्त्री स्वतः कलावंत होती, तिच्या कलेचे व उपजीविकेचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न तेथेच राहिला. जलशांत स्त्री-भूमिका पुरुषच करीत असत. स्त्रीला रंगमंचावर सन्मानाने आणण्याचे काम कलापथकांच्या पुढील पिढ्यांवर पडले.

धर्मांतरानंतर (१४ ऑक्टोबर १९५६) जलशाचे स्वरूप पालटले. नाट्यांश क्षीण होत गेला आणि पेटी, ढोलक व कोरस यांच्या साहाय्याने केवळ गीते सादर करणाऱ्या ‘गायन पार्ट्या’ वाढल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या प्रतिभावंताने या प्रकाराला मोठी उंची प्राप्त करून दिली. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात जन्मलेल्या व प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्या या कवीची गीते वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ झाली. मात्र गायन पार्टीला ठरलेली बिदागी मिळू लागली, दोन पार्ट्यांचे सामने होऊ लागले आणि वस्तीचा तरुण हळूहळू कलावंताऐवजी श्रोता झाला.

कामगारवस्त्यांतील कलापथकांचा प्रवाह १९४० नंतर बळावला. मुंबईत २५ मे १९४३ रोजी भारतीय जननाट्य संघाची (इप्टा) स्थापना झाली. त्याच सुमारास अण्णाभाऊ साठे (१९२०–६९), अमर शेख (१९१६–६९) आणि द. ना. गवाणकर या तिघा शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभारले (१९४४). तिघेही कष्टकरी चळवळीतून आलेले होते. माटुंग्याच्या लेबर कँपात राहत असताना अण्णाभाऊंनी आरंभीच्या काळात तेथील डासांवर पोवाडा रचल्याचे सांगतात. पराक्रमी पुरुषांसाठी राखलेला काव्यप्रकार गटारापाशी घोंघावणाऱ्या डासांना बहाल करण्यातला उपरोध वस्तीला तात्काळ कळला असणार. पुढे स्तालिनग्राडचा पोवाडा आणि ‘माझी मैना’ सारखी छक्कड लिहिणाऱ्या या शाहिराच्या प्रतिभेचे मूळ अशा स्थानिक रचनांत शोधावे लागते. अकलेची गोष्ट, मुंबई कुणाची, लोकमंत्र्यांचा दौरा या त्यांच्या वगांनी गिरणगावातील मैदाने भरून जात. गणातून देवाला व प्रयोगातून गौळणीला रजा देऊन अण्णाभाऊंनी मातृभूमी, हुतात्मे व श्रमिक यांना वंदन करण्याचा प्रघात पाडला. मुंबई सरकारने १९४७-४८ च्या सुमारास तमाशावर निर्बंध आणले; लाल बावटा कलापथकालाही सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले. या काळात तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ ही संज्ञा रूढ झाली व तिचे श्रेय बहुधा अण्णाभाऊंना दिले जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात (१९५६–६०) या शाहिरांचा व आत्माराम पाटील यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा सर्वश्रुत आहे.

राष्ट्र सेवा दलाचे (स्थापना १९४१) कलापथक हा तिसरा प्रवाह होय. त्याचा सामाजिक पाया मुख्यतः मध्यमवर्गीय व निम्नमध्यमवर्गीय असला, तरी त्याने एक मोलाची गोष्ट केली, ती म्हणजे शिस्तबद्ध प्रशिक्षण. वसंत बापट, लीलाधर हेगडे आदींच्या मार्गदर्शनाखाली शाखेवरील मुलामुलींना समूहगीत, लोकनृत्य व लोकनाट्य यांचे पद्धतशीर शिक्षण मिळाले आणि मुली मुलांबरोबर रंगमंचावर उभ्या राहिल्या. पु. ल. देशपांडे यांचे पुढारी पाहिजे व व्यंकटेश माडगूळकर यांचे बिनबियांचे झाड ही लोकनाट्ये या कलापथकाने गाजविली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे पुढे व्यावसायिक रंगभूमीवर व चित्रपटांत नावारूपाला आलेले कलावंत याच पथकात घडले. न्हाव्याच्या व्यवसायात वाढलेल्या नगरकरांना किंवा माळीकाम केलेल्या फुल्यांना त्या काळात अन्य कोणत्या नाट्यसंस्थेने दार उघडले असते, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे.

१९७० नंतर दलित, स्त्रीमुक्ती व झोपडपट्टीवासीयांच्या चळवळींतून नवी पथके निघाली. बादल सरकार यांच्या ‘तिसऱ्या रंगभूमी’चा व पथनाट्याचा प्रभाव त्यांच्यावर दिसतो. स्त्री मुक्ती संघटनेने (स्थापना १९७५) १९८३ मध्ये रंगमंचावर आणलेल्या ज्योती म्हापसेकर यांच्या मुलगी झाली हो या नाटकात बहुतांशी संघटनेच्या कार्यकर्त्या स्त्रियाच काम करीत. पडदा, नेपथ्य, प्रकाशयोजना यांपैकी कशाचीही अट नसल्याने ते चाळीच्या अंगणात, शाळेच्या वर्गात व गावच्या पारावर सारख्याच सहजतेने होऊ शकले व त्याचे शेकडो प्रयोग झाले. मुंबईत आव्हान नाट्यमंचाने गिरणी संप, झोपड्यांची पाडापाडी, जातीय अत्याचार यांवर गीते व पथनाट्ये केली. संभाजी भगत व विलास घोगरे हे शाहीर त्यातून पुढे आले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवनयात्रा संपविली. वस्तीचा शाहीर वस्तीवरील आघातापासून अलिप्त राहू शकत नाही. आनंद पटवर्धन यांच्या जय भीम कॉम्रेड या माहितीपटाने या घटनेच्या अनुषंगाने आंबेडकरी शाहिरीचा मागोवा घेतला आहे. पुण्यातील कबीर कला मंच (२००२) हे या परंपरेतील अलीकडचे बहुचर्चित पथक होय.

कलापथकाची उभारणी व कारभार यांविषयी आपल्याकडे फारसे लेखन झालेले नाही. गीतांची संकलने पुष्कळ आहेत; परंतु तालीम कोठे होत असे, पेटी कोणाची होती, खर्च कोण करीत असे, भांडणे कशी मिटत, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक पथके टिकली किंवा मोडली ती याच कारणांनी.

पथकात साधारणतः १० ते २० व्यक्ती असतात. त्यांत एक-दोन रचनाकार, दोन-तीन चांगले गळे, ढोलकी व पेटी वाजविणारे आणि उरलेले कोरस व अभिनय सांभाळणारे, अशी विभागणी आपोआप होते. सर्वांत दुर्मीळ असतो तो ढोलकीवाला. एकाच ढोलकीवाल्यावर विसंबलेले पथक त्याच्या पाळीची वेळ बदलली की बंद पडते. म्हणून जाणती पथके आरंभीच दोन मुलांना ढोलकी शिकावयास बसवितात. तालमीची जागा हा दुसरा प्रश्न. वस्तीत रिकामी खोली नसते. समाजमंदिर, बुद्धविहार, व्यायामशाळा, बालवाडी किंवा रात्री बंद असलेले एखाद्याचे दुकान यांवर भागवावे लागते. समाजमंदिर हाती असणारी मंडळी व पथक यांचे पटत नसले, तर तालीम उघड्यावर होते. यात एक लाभही असतो. कारण तालीम पाहता पाहता वस्तीला गीत पाठ होते आणि ‘असे नव्हते झाले, असे झाले’ अशी दुरुस्ती करणारी माणसे भोवती जमतात. वस्तीच्या कलापथकाचे खरे संपादक हेच होत.

तालमीची वेळ ठरविणे वरवर क्षुल्लक वाटते, परंतु पथकात कोण राहील व कोण गळेल हे तिच्यावर ठरते. रात्री दहाची तालीम कामावरून परतणाऱ्या पुरुषांना सोयीची असते. मुलींना ती अशक्य असते. दुपारची वेळ घरकाम करून परतलेल्या स्त्रियांना चालते, तर मुलगे तेव्हा कामावर असतात. समतेची गीते गाणाऱ्या पथकात मुली नाहीत, अशी विसंगती पुष्कळदा कोणाच्या दुष्ट हेतूतून निर्माण न होता घड्याळातून निर्माण होते. ज्या पथकांनी मुलींच्या घरी जाऊन आयांशी बोलणे, तालमीनंतर त्यांना घरापर्यंत पोहोचविणे आणि आयांनाच एखाद्या प्रवेशात उभे करणे हे मार्ग अवलंबिले, त्यांच्याकडे मुली टिकल्या.

रचनेची पद्धती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एक शाहीर लिहितो व पथक सादर करते. दुसऱ्या प्रकारात घडलेल्या प्रसंगाची चर्चा करीत, सुचेल ते करून पाहत, सामूहिक रीत्या संहिता तयार होते. पहिल्यात भाषेचा कस अधिक असतो, दुसऱ्यात वस्तीचा आवाज अधिक स्पष्ट असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यांतील एकाची निवड करण्याचा आग्रह व्यर्थ आहे. मात्र सामूहिक संहितेला कोणी तरी शेवटचा हात फिरवावा लागतो आणि तो कोणाचा, हे आधीच ठरलेले बरे. वस्तीत घडलेली खरी घटना रंगवायची असल्यास ज्याच्यावर ती ओढवली त्याची अनुमती घेणे, हा नियम अनेक पथके कटाक्षाने पाळतात. पीडितेच्या शेजारणीने प्रयोगात तिची भूमिका करावी आणि पीडितेने ती पहिल्या रांगेत बसून पाहावी, असे प्रसंग येथे येतात. सभागृहातील रंगभूमीला ही जबाबदारी ठाऊक नसते.

आर्थिक व्यवहार हा सर्वांत नाजूक भाग. जुन्या जलशांना बहुधा जेवणखाण व प्रवासखर्च एवढेच मिळे. प्रयोगानंतर झोळी फिरविली जाई. झोळीचे उत्पन्न अल्प असते, पण तिचे दुसरे मोल आहे. ज्या वस्तीने पैसा-आधेली का होईना दिली, ती पथकाला जाब विचारू शकते. बाहेरच्या संस्थेकडून किंवा शासनाकडून अनुदान आले की वाद्ये, ध्वनिक्षेपक व गणवेश येतात. त्याबरोबर प्रयोगसंख्येचे अहवाल येतात आणि विषयही हळूहळू अनुदानास अनुकूल होतात. अनुदान सरसकट नाकारणे हा मात्र त्यावरचा सोपा आणि बऱ्याच अंशी सुखवस्तू उपाय आहे. रोजंदारी बुडवून प्रयोगाला येणाऱ्या कलावंताला बुडालेली मजुरी न देणे आणि त्या त्यागाला निष्ठा म्हणणे, हेही एक प्रकारचे शोषणच होय. उत्तम गळा असलेला मुलगा लग्नाच्या वरातीत किंवा वाद्यवृंदात गाऊन चार पैसे मिळवू लागला म्हणून त्याला पथकातून काढल्याची उदाहरणे आहेत. अशा पथकांतील निर्णय घेणारी माणसे बहुधा पगारदार असतात, ही गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे. काही पथकांनी मधला मार्ग काढला : वस्तीत प्रयोग विनामूल्य करावयाचे, बाहेरून आलेल्या निमंत्रणाचे मानधन घ्यावयाचे, त्यातून प्रथम बुडालेली मजुरी भरून द्यावयाची आणि उरेल ते पथकाच्या पेटीत टाकावयाचे. हिशेब वस्तीच्या फळ्यावर लिहून ठेवण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. तिच्यामुळे संशयाला जागा राहत नाही.

नोंदणी करावी की नाही, हा प्रश्न पथक दोन-तीन वर्षे टिकल्यानंतर उपस्थित होतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान ७ सभासद एकत्र येऊन संस्था स्थापू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वयेही नोंदणी होते. त्यानंतर वार्षिक हिशेबतपासणी आणि विश्वस्तांत झालेल्या बदलांची धर्मादाय कार्यालयास कळवणूक ही कर्तव्ये येतात. नोंदणीमुळे बँकेत खाते उघडता येते, देणगी स्वीकारता येते. परंतु अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे निर्माण होतात आणि लिहितावाचता येणाऱ्या दोघातिघांच्या हाती कारभार एकवटतो. ढोलकीवाला विश्वस्त मंडळावर आहे काय, एवढ्या एका प्रश्नावरून अशा संस्थेच्या अंतरंगाची बरीच कल्पना येते. सार्वजनिक नाट्यप्रयोगाच्या संहितेस रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तर ध्वनिक्षेपक व जागा यांसाठी पोलीस व स्थानिक प्राधिकरणाची अनुमती लागते. १८७६ चा नाट्यप्रयोग अधिनियम ब्रिटिश सरकारने राजद्रोही नाटकांना आवर घालण्यासाठी केला होता; पूर्वपरीक्षणाची त्यानंतरची परंपरा स्वातंत्र्योत्तर काळातही राहिली. पथनाट्याचा प्रसार होण्यास कलाविषयक कारणांइतकेच हेही एक व्यावहारिक कारण आहे, की ध्वनिक्षेपक व मंच यांवाचून, वीस-पंचवीस मिनिटांत तो प्रयोग संपतो.

पक्ष वा चळवळ आणि पथक यांचे संबंध सर्वत्र तणावाचे राहिले आहेत. सभेला गर्दी जमेपर्यंत गाणी म्हणा आणि पुढारी आले की थांबा, अशी वागणूक शाहिरांना कमीअधिक प्रमाणात सर्वच पक्षांकडून मिळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा पेलणाऱ्या शाहिरांना राज्यस्थापनेनंतर विपन्नावस्थेत दिवस कंठावे लागले. अण्णाभाऊंची अखेरची वर्षे कशी गेली हे सर्वज्ञात आहे.

अन्य देशांतही असे प्रयोग झाले. त्यांपैकी केन्यातील कामिरीथू या गावचा प्रयोग महाराष्ट्रातील अनुभवाशी पडताळून पाहण्यासारखा आहे. तेथील शेतमजूर, कारखान्यातील कामगार व छोटे शेतकरी यांनी आपल्या श्रमाने खुले नाट्यगृह बांधले आणि न्गुगी वा थिओंगो व न्गुगी वा मिरी यांच्यासह गिकुयू भाषेत नाटक बसविले (१९७७). तालमी उघड्यावर होत व गावकरी संवादांत दुरुस्त्या सुचवीत. काही आठवड्यांतच शासनाने प्रयोगांवर बंदी घातली व वर्षअखेरीस न्गुगी वा थिओंगो यांना स्थानबद्ध केले. १९८२ मध्ये दुसऱ्या नाटकाला अनुज्ञा नाकारण्यात आली आणि ते नाट्यगृह जमीनदोस्त करण्यात आले. हे नाटककार इंग्रजीत नाटके लिहीत होते तोवर त्यांना असा उपसर्ग पोहोचला नव्हता. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे (१९७३) सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळील झंडापूर येथील कामगारवस्तीत पथनाट्य चालू असताना प्राणघातक हल्ला झाला व दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ जानेवारी रोजी, पथकाने त्याच जागी येऊन अपुरा राहिलेला प्रयोग पूर्ण केला.

महाराष्ट्रात अलीकडे वस्तीतील मुलांना केंद्रस्थानी ठेवणारे उपक्रम लक्ष वेधून घेतात. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात निरनिराळ्या लोकवस्त्यांतील किशोरवयीन मुले-मुली आपापल्या अनुभवांवर छोट्या नाटिका रचतात व त्या एकत्रित महोत्सवात सादर करतात. व्यसन, शाळा सुटणे, कचरा, पाणी, मुलींवरील बंधने हे त्यांचे विषय मुलांनीच निवडलेले असतात. मार्गदर्शक नाट्यकर्मी साहाय्य करतात, संहिता लिहून देत नाहीत.

जुन्या पथकांच्या रचनांचे जतन हे काम मात्र बहुतांशी व्हावयाचे राहिले आहे. जलशांतील संवाद प्रायः लिहिलेले नव्हते. वह्या होत्या त्या पावसात, झोपड्यांच्या पाडापाडीत आणि घरबदलांत नष्ट झाल्या. १९८० नंतर निघालेल्या ध्वनिफितींवर अनेकदा गायकाचे नाव आहे, रचनाकाराचे नाही. एकाच गीताची तीन-चार पाठांतरे प्रचलित असून प्रत्येक वस्तीने त्यात आपले नगर, आपला नाला व आपला नगरसेवक घातलेला असतो. मूळ पाठ निश्चित करण्याच्या भरात हे फरक दोष समजून पुसून टाकू नयेत, सर्व पाठ स्थळकाळासह नोंदवावेत, असे संकलकांना सुचवावेसे वाटते. कोणत्या साली कोणत्या वस्तीला पाणी नव्हते, याचा दुसरा लेखी पुरावा पुष्कळदा उपलब्ध नसतो.